गोळ्या कोण देतं?

"आण इकडं त्या गोळ्या," वन्सं म्हणाल्या, आणि मी देण्याआधीच त्यांनी माझ्या हातातली पाकिटं ओढून घेतली.

मालक भिंतीला टेकून बसले होते. पेठेतल्या दोन हमालांनी नुकतंच त्यांना रिक्षात घालून घरी आणून सोडलं होतं. सदऱ्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर हळदीची धूळ तशीच होती आणि त्या पिवळ्या रंगाखाली चेहरा पांढराफटक पडला होता. सौदा पुकारता पुकारता ते हळदीच्या पोत्यांवरच खाली बसले होते.

"सकाळची गोळी दिलीस का याला?" वन्संनी विचारलं.

"दिली की."

"कुठली?"

"पांढरी. बारकी. आणि ती गुलाबी."

"पांढरी म्हणं, गुलाबी म्हणं!" त्यांनी पाकीट दाराच्या उजेडाकडं धरलं. "नाव काय तिचं?"

मला वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. अथणीला त्यांच्या गल्लीत बायका त्यांच्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या.

"नाव कळत न्हाई ते औषध नवऱ्याला चारतीस व्हय गं? उद्या उंदराची गोळी पांढरी निघाली तर ती पण देशील!"

"आक्का, ओरडू नको," मालक म्हणाले. "छातीत कबूतर फडफडायलंय."

"तेच म्हणते मी. गोळ्या चालू झाल्या, पथ्य चालू झालं, तरी कबूतर बसंना. का बसंना? कुणाचं तरी चुकतंय." हे बोलताना त्या मालकांकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या. "आजपासून गोळ्या मी देणार. पाडवा होऊ दे, मग सिदाला मी अथणीला घेऊन जाणार. तू बस हितं."

त्या बोलल्या की करायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात मला दुसरं काही मिळवता आलं नव्हतं, पोरबाळ झालं नव्हतं. हा एक माणूस होता. तो गेला असता तर मी त्या दोन खोल्यांत कुणासाठी चूल पेटवली असती?

मालकांचं नाव सिदाप्पा. सांगलीच्या हळदपेठेत ते सौदे पुकारायचे. हळकुंडांचे ढीग ओतलेले असतात, भोवती व्यापारी उभे राहतात आणि पुकारणारा पोत्यांवर चढून भाव ओरडत राहतो. शेवटची बोली लागेपर्यंत आवाज पडू द्यायचा नसतो. हळद उधळत असते, श्वासाबरोबर आत जात असते, आणि त्यातून आवाज बाहेर काढायचा असतो. मालकांचा आवाज असा होता की बाहेर रस्त्यावर घोडागाडीवाल्यांना सुद्धा भाव ऐकू जायचा. अडते म्हणायचे, सिदाप्पा पुकारायला असला की ढिगाला भाव जास्त येतो. त्यांना ते खरं वाटायचं, आणि मलाही.

त्या वर्षी थंडी संपता संपता त्यांना पहिल्यांदा तसं झालं. जिना चढताना दम लागला, छाती धडधडली, पाय सुजले. मिरजेला एका दवाखान्यात डॉक्टर शिरगुप्पे होते. वयानं तरुण, पण समजावून सांगायचे. ते म्हणाले, "आजोबा, तुमच्या हृदयाचा ताल सुटलाय. वरचा कप्पा नीट दाबला जात नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचलं तर गुठळी होते. ती डोक्यात गेली तर अर्धं अंग जाईल." मग त्यांनी तीन गोळ्या दिल्या. एक ठोके आवरायला, एक रक्त पातळ ठेवायला, एक अंगातलं पाणी काढायला. पातळ रक्ताच्या गोळीसाठी मधून मधून रक्त तपासायला जावं लागायचं. गोळ्या मला रंगावरून ओळखता यायच्या, आणि मी एकही चुकवली नव्हती. तरी धडधड परत यायची. दोन आठवडे बरे जायचे, मग एकदम कधी अंघोळ करताना, कधी पेठेत.

तेवढ्यात अथणीहून वन्सं आल्या. थोरल्या नणंदबाई, विधवा, भावावर जीव. आईच्या माघारी त्यांनीच मालकांना वाढवलेलं. चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्याच.

आता गोळ्या त्या द्यायला लागल्या. मालक जेवून उठले की त्या चष्मा लावायच्या, पाकीट उजेडात धरायच्या, ओठ हलवून वाचायच्या आणि मग गोळी काढून मालकांच्या तळहातावर ठेवायच्या. "वाचून देते हो मी," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. मी भांडी घासताना मुद्दाम जोरात आपटायची.

आणि आठ-दहा दिवसांनी मालकांना परत झालं. पेठेतच.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला वाईट वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ जरा बरंही वाटलं. आता काय म्हणतील, असं मनात आलं. पण त्या माझ्याकडं आणखी टक लावून बघायला लागल्या. मी भाकरी थापताना पिठात काय घालते, आमटीला मीठ किती टाकते, सगळं बघायच्या. एकदा मी मालकांना ताक दिलं तर आधी स्वतः घोट घेतला.

मग मी पण बघायला लागले.

मला दिसलं ते असं. दुपारी मालक पेठेतून आले की वन्सं स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायच्या. आत काहीतरी उकळायच्या. पेल्यात ओतून मालकांना द्यायच्या आणि ते डोळे मिटून पिऊन टाकायचे.

"काय देताय त्यांना?" मी विचारलं.

"घशाचा काढा."

"घशाचा काढा दार लावून कशाला करायचा?"

"तुझी नजर लागू नये म्हणून!"

त्या शेजारी गेल्या तेव्हा मी पेल्याच्या तळाला राहिलेलं बोटावर घेऊन चाटलं. गोड होतं, आणि जिभेला राखेसारखं काहीतरी लागलं. वन्संचा दवाखान्यावर विश्वास नव्हता हे मला पहिल्यापासून कळत होतं. "सुई टोचून टोचून माणूस खलास करत्यात," असं त्या म्हणायच्या. अथणीकडं एक देवऋषी होता, त्याचं नाव त्यांच्या तोंडात सारखं असायचं. मला वाटलं, या पाकीट उजेडात धरायचं नाटक करतात, गोळी भलतीकडं टाकतात आणि देवऋषीचं काहीतरी पाजतात. भाऊ बरा झाला नाही की मग 'हिच्या हातचं सोसत नाही' म्हणून त्याला घेऊन जायला मोकळ्या.

त्या दिवसापासून वन्संनी गोळी दिली की मी पुढं जाऊन बसायची.

"तोंड उघडा," मी म्हणायची.

"गिळली गं."

"जीभ वर करा."

मालक वैतागले. "बाजारात बैलाचे दात बघत्यात तसं तुम्ही दोघी माझ्या तोंडात बघताय. एक ताक चाखतीय, एक जीभ वर करायला लावतीय. मला दोरी बांधून खुट्याला तरी बांधा!"

हसले आणि हसताना खोकला आला. आवाज फाटला होता त्यांचा. आजारानं दम पुरत नव्हता आणि पेठेत नवा पुकारणारा तयारच होता, चिंचणीचा, पंचविशीतला. मालकांना त्याची धास्ती होती. ते घसा राखायला बघायचे. अडतीच्या दुकानात पुकारणाऱ्यासाठी गादीजवळ एक वाटी ठेवलेली असायची, त्यात ज्येष्ठमधाच्या काड्या. तंबाखू नाही, विडी नाही, दिवसभर काडी गालात. पुकारणाऱ्यांची ती रीतच होती. मालकांचा एक गाल कायम फुगलेला, घरात सुद्धा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नवऱ्याची दाढ सुजलीय.

पाडव्याच्या आधी ते मोठं दुखणं आलं. या वेळी पेठेत नाही, घरीच, सकाळी. उठले आणि म्हणाले, "हातापायात जीवच न्हाई गं." पोटऱ्यांत गोळे आले. मग छातीचं सुरू झालं आणि डोळे फिरले. आम्ही दोघींनी मिळून त्यांना मिरजेला नेलं. रिक्षात मी एका बाजूला, वन्सं दुसऱ्या बाजूला, आणि एकमेकींशी एक शब्द नाही.

डॉक्टरांनी ठेवून घेतलं. सलाईन लावली, छातीला तारा चिकटवल्या. तिसऱ्या दिवशी मालक उठून बसले. पायांत जोर आला. चहात साखर कमी आहे म्हणून नर्सबाईंशी भांडले, तेव्हा मला कळलं, माणूस परतला.

डॉक्टर शिरगुप्पे खाटेजवळ आले. हातात कागद होते. त्यांनी आधी मालकांकडं बघितलं, मग आम्हा दोघींकडं.

"गोळ्या कोण देतं?"

"आधी ही द्यायची," वन्सं म्हणाल्या. "आता मी देते. वाचून."

"चुकत नाहीत ना?"

"माझ्याकडनं न्हाई चुकत."

"माझ्याकडनं पण चुकत नव्हत्या," मी म्हणाले.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "मला एक गोष्ट कळत नाही. यांच्या रक्तातला एक क्षार फार कमी झालाय. मागच्या वेळी पण कमी होता. तेव्हा मला वाटलं, पाणी काढायच्या गोळीनं गेला असेल, म्हणून मी भरपाईचं औषध दिलं. तरी कमीच. तो क्षार खाली गेला की हृदय बिथरतं, आणि माझ्याच गोळ्या अंगावर उलटतात. इथं सलाईनमधून भरला की हे बरे होतात. घरी गेले की परत तेच. म्हणजे घरात काहीतरी होतंय." ते थांबले. "जुलाब होतात?"

"न्हाई."

"उलट्या?"

"न्हाई."

"दुसरं काही औषध? झाडपाला, भस्म, कुणाचा अंगारा?"

"न्हाई," वन्सं पटकन म्हणाल्या, आणि मांडीवरची कापडी पिशवी त्यांनी पोटाशी घेतली.

ते मी बघितलं.

"वन्सं, पिशवी दाखवा," मी म्हणाले.

"कसली पिशवी?"

"मांडीवर हाय ती."

"माझी पिशवी तुला कशाला दाखवू? तू कोण गं?"

"मी त्यांची बायको हाय! डॉक्टरसाहेब, या रोज दुपारी दार लावून यांना काहीतरी पाजत्यात. मी चाखून बघितलंय. राख असती त्यात. हे माझ्या हातनं मरत न्हाईत, यांच्या हातनं मरायला लागल्यात!"

पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं नीट ऐकू यावं म्हणून मान उचलली. मालक म्हणाले, "सोना, गप," पण मी गप्प बसले नाही. मी पुढं होऊन पिशवीला हात घातला. वन्संनी सोडली नाही. आम्ही दोघी, साठीला आलेल्या बायका, दवाखान्यात एका पिशवीला दोन बाजूंनी ओढत होतो. शेवटी पिशवी उलटी झाली आणि सगळं खाटेवर सांडलं.

कंगवा. चष्म्याचं घर. मालकांच्या गोळ्यांची पाकिटं, जितकी उघडलेली असायला हवी तितकीच उघडलेली. अंगाऱ्याची एक पुडी. आणि ज्येष्ठमधाच्या काड्यांची एक जाड जुडी, दोऱ्यानं बांधलेली.

"हे बघा!" मी पुडी उचलून डॉक्टरांच्या पुढं धरली. "हाच तो अंगारा!"

वन्संनी पदर तोंडाला लावला. "चिमूटभर घालते हो साहेब काढ्यात. देवाचा हाय. ही बोंबलत सुटेल म्हणून दार लावते."

डॉक्टरांनी पुडी उघडली, वास घेतला, बोटात चोळली. "गोवरीची राख आहे," म्हणाले आणि पुडी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता तरी रागावतील. पण त्यांनी ती जुडी हातात घेतली.

"आणि हे?"

"ते काय न्हाई," मी म्हणाले. "ते ज्येष्ठमध हाय."

"कोण खातं?"

मालक हसले. "साहेब, ते काय खाणं हाय का? गालात धरतो. घशाला."

"किती?"

"किती म्हणजे? सौदा असला की दिवसभर असतीच. आमच्यात सगळ्यांच्या गालात असती."

"आणि काढा कसला करता?" डॉक्टरांनी वन्संना विचारलं.

"त्याचाच. सिदाचा आवाज पार बसला हो. म्हणून मूठभर काड्या ठेचून आटवून देते."

"घरी काडी कोण देतं?"

"मी," मी म्हणाले. "सकाळी जाताना खिशात घालते."

"मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणखी काही घेता का म्हणून."

"पण ते औषध कुठाय?" मालक म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. आम्हा दोघींनाही. ज्येष्ठमध हे औषध आहे असं पेठेत कुणी धरतच नव्हतं, जसं पाणी पिणं कुणी सांगत नाही.

मग डॉक्टरांनी सांगितलं. ज्येष्ठमध रोज इतका पोटात गेला की तो क्षार लघवीवाटे वाहून जातो. एखाद्या धडधाकट माणसाला कदाचित जाणवणारही नाही. पण ताल सुटलेल्या हृदयाला, आणि त्यात पाणी काढायची गोळी चालू असलेल्याला तो फार वाईट. दुखणं आलं म्हणून आवाज बसायचा, आवाज बसला म्हणून काडी वाढायची, काडी वाढली म्हणून दुखणं यायचं.

"आजपासून बंद," ते म्हणाले. "काडी पण, काढा पण."

मालकांनी रिकाम्या गालावरून हात फिरवला. "मग पुकारायचं कसं?"

डॉक्टरांनी कागद गोळा केले. त्यांना पेठेतलं काय माहीत असणार.

वन्संचं तोंड लहान झालं होतं. भावासाठी म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं मूठ मूठ ठेचलं होतं. मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण खिशात काडी घालणारा हात माझाच होता.

घरी आल्यावर त्यांनी सामान बांधायला घेतलं. "आता माझं काय काम?" म्हणाल्या. "गोळ्या तूच दे. मी जाते."

लोकांना वाटतं मी त्यांना मायेनं थांबवलं. तसं नव्हतं. मी घाबरले. त्या गेल्या आणि मग मालकांना पुन्हा काही झालं तर? सगळं माझ्या एकटीच्या अंगावर. मला साक्षीला माणूस हवं होतं. मी म्हणाले, "जायचं न्हाई. तुम्ही वाचायचं, मी द्यायचं. दोघींच्या देखत."

त्या माझ्याकडं संशयानं बघत राहिल्या. मग त्यांनी गाठोडं सोडलं. त्यांनाही मी एकटीनं दिलेलं नकोच होतं.

मालकांनी पुकारणं सोडलं. चिंचणीचं पोरगं पोत्यांवर चढलं. अडत्यांनी मालकांना काट्याजवळ बसवलं, पोती वजन करताना बघायला. पहिल्या दिवशी ते दुपारीच घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. आम्ही दोघींनी त्यांचे खिसे तपासले. काडी नव्हती.

मी अक्षरं शिकले ती त्याच वर्षी. शिकण्याची आवड होती म्हणून नव्हे. वन्सं खरं वाचतात की नाही हे मला तपासायचं होतं. पण शिकवणार कोण? त्यांनाच विचारलं. त्यांनी जुन्या पाटीवर मला अ, आ काढून दिले आणि माझं चुकलं की खुदकन हसायच्या. पावसाळा संपेपर्यंत मला जोडाक्षरं लागायला लागली. मग एकदा त्या नसताना मी गोळ्यांचं पाकीट उजेडात धरलं. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. मला वाटलं माझंच शिकणं कच्चं. शेजारच्या मास्तरीणबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अहो मावशी, हे इंग्रजी आहे."

म्हणजे वन्सं इतके दिवस रंगच बघत होत्या. माझ्यासारख्याच.

मी त्यांना ते बोलले नाही. गोळी द्यायच्या वेळी म्हणायची, "वन्सं, वाचा," आणि त्या ओठ हलवायच्या.

दिवाळीपर्यंत मालकांना एकदाही तसं झालं नाही. पायांची सूज उतरली. रक्ताची तपासणी नीट यायला लागली. आणि मग पुन्हा झालं. ध्यानीमनी नसताना, ओट्यावर बसून पेपर ऐकताना. मीच वाचून दाखवत होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आलं गं."

वन्सं आतून धावल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि पुढचं सांगायला मला हसू येतं. आधी आम्ही शोधाशोध केली. मी त्यांच्या गालात बोट घातलं. वन्संनी सदऱ्याचे खिसे उलटे केले. मी वन्संच्या पिशवीत बघितलं, त्यांनी माझ्या डब्यांत. काही नव्हतं. गोळ्या बरोबर होत्या. पथ्य बरोबर होतं.

डॉक्टर शिरगुप्पेंनी छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, रक्त तपासलं. क्षार नीट होता.

"मग कुणाचं चुकलं?" वन्संनी विचारलं.

"कुणाचंच नाही."

"असं कसं साहेब? कुणाचं तरी चुकल्याशिवाय कसं होईल?"

"हा आजारच असा आहे, आजी. गोळ्यांनी तो आवरतो, जात नाही. सगळं बरोबर केलं तरी मधून मधून येणार. आपण गोळीचं माप बदलून बघू. त्यानंही भागलं नाही तर दुसरी गोळी आहे." मग त्यांनी आम्हा दोघींना मालकांच्या मनगटावर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. दम लागला, चक्कर आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर लगेच निघायचं. नुसते ठोके चुकत असतील तर शांत बसवायचं आणि एकमेकींवर ओरडायचं नाही. शेवटचं ते हसून म्हणाले, पण म्हणाले.

आम्ही मिरजेच्या स्टँडवर बाकावर बसलो. मालक मधे. सांगलीची गाडी यायची होती. वन्संचा चेहरा दवाखान्यातून निघाल्यापासून पडलेला होता.

"मग आता बोलायचं कुणाला गं?" त्या म्हणाल्या.

"कुणालाच न्हाई."

त्यांना ते पटलं नाही. मलाही कुठं पटलं होतं? वर्षभर आम्ही दोघींनी एकमेकींना दोषी धरून ठेवलं होतं. त्या सुटल्या म्हणजे मीही सुटले, आणि सुटल्यावर हातात नुसता तो आजार राहिला.

वन्संनी मालकांचा हात मांडीवर घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोना, मला एकटीला काय कळंना. तू बघ बरं."

त्यांनी मला कधी कशात विचारलं नव्हतं. मी दुसरं मनगट धरलं.

"काय गं, दोघी दोन बाजूंनी ओढताय व्हय मला?" मालक म्हणाले.

"गप बसा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

दोन ठोके लागोपाठ, मग काहीच नाही, मग एक जोरात, मग घाईघाईनं तीन. मी वन्संकडं बघितलं. त्या बोटांच्या तालावर मान हलवत होत्या, आणि त्यांची मान जिथं थांबत होती तिथंच माझ्या बोटाखाली पण थांबत होतं.